नाव तुमचं, मग जबाबदारी कुणाची?

दोस्तांनो, आधीच एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. ‘एआय वापरू नका’ असं सांगायला आम्ही आज बसलेलो नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि खरं म्हणजे ऐकायचं कारणही नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण शाळेत होते. आज असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, सेमिनारची पीपीटी, नोकरीचा बायोडेटा, एवढंच काय, रुसलेल्या मित्राला पाठवायचा ‘सॉरी’चा मेसेजसुद्धा तिथूनच लिहून येतो. वेगळं ॲप घ्यायचीही गरज नाही. व्हॉट्सॲपच्या आतच एआयचं गोल चिन्ह येऊन बसलंय. कॅम्पातल्या कॉलेजात शिकत असा, संगमेश्वरात राहत असा नाहीतर रमजानपुऱ्यात, हातातला फोन सारखाच आहे.

मग बोलायचं कशाबद्दल? एका साध्या प्रश्नाबद्दल. एआयने दिलेलं उत्तर तुम्ही तुमच्या नावाने पुढे दिलं आणि ते चुकीचं निघालं, त्यातून कुणाचं नुकसान झालं, कुणाची बदनामी झाली, तर जाब कुणाला विचारायचा? कंपनी परदेशात बसलेली आहे. ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, की ‘यात चुका असू शकतात, तपासून घ्या’. म्हणजे त्यांनी हात आधीच झटकलेत. उरता तुम्ही. ‘जबाबदारीने वापर’ या जड शब्दाचा अर्थ एवढाच आहे: जे तुमच्या नावाने आणि तुमच्या नंबरवरून जातं, त्याची जबाबदारी तुमची.

माग आपोआप थांबत नाही

यंत्र आणि माणूस यांचं नातं मालेगावला कुणी शिकवायची गरज नाही. शुक्रवारची सुट्टी सोडली तर या गावात मागांचा खडखडाट थांबत नाही. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात कुणी ना कुणी कारखान्यात उभं राहिलेलं आहे. अब्बा, मामा, शेजारचे काका, नाहीतर सुट्टीत तुम्ही स्वतः. त्यांना एक गोष्ट विचारा. ताण्याचा एखादा धागा तुटला, तर साधा पॉवरलूम काय करतो? काही नाही करत. तो विणतच राहतो. त्याच वेगाने, तोच आवाज करत. धागा तुटल्याचं त्याला कळतच नाही. कळतं ते कारागिराला. चार-सहा मागांवर एकाच वेळी नजर ठेवणारा तो माणूस तुटलेला धागा हेरतो, माग बंद करतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. त्याची नजर चुकली, तर माल तपासताना दोष निघतो आणि पैसे कापले जातात ते मागाचे नाही, त्याचे.

एआय नेमकं असंच आहे. चॅटजीपीटी असो, जेमिनी असो की आणखी कुठलं, ही सगळी यंत्रं अफाट मजकूर वाचून एकच गोष्ट शिकलेली असतात: अमुक शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त. त्यावरून ती एकेक शब्द जोडत वाक्य विणतात. बहुतेक वेळा कापड छान निघतं. पण माहितीचा धागा तुटला, तरी यंत्र थांबत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच सफाईदार भाषेत पुढचं वाक्य विणतं. नसलेलं पुस्तक, नसलेला लेखक, नसलेली तारीख. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, कारण चुकीचं वाक्यही खऱ्याइतकंच नीटनेटकं असतं.

एक प्रयोग करून बघा. आपल्या मालेगावच्या किल्ल्याबद्दल एआयला विचारा: कुणी बांधला, केव्हा बांधला, इंग्रजांनी कधी घेतला, त्या वेळी आत कोण लढत होतं. नारोशंकरांनी १७४० मध्ये मोसमच्या काठावर हा किल्ला बांधला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तो घेतला, एवढं बहुधा ते बरोबर सांगेल. मग प्रश्न बारीक करत जा. वेढा किती दिवस चालला? किती माणसं पडली? आणि मिळालेली उत्तरं १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरशी ताडून बघा. ते इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. नाहीतर त्याला तुमच्या आजीच्या अहिराणीतल्या चार म्हणींचा अर्थ विचारा आणि ते उत्तर आजीलाच वाचून दाखवा. ज्या गोष्टींवर जगात भरपूर लिहिलं गेलंय, तिथे यंत्र पक्कं असतं. ज्यांवर थोडंच लिहिलंय, म्हणजे आपलं गाव, आपली बोली, आपला इतिहास, तिथे ते अंदाजपंचे बोलू लागतं. आणि तुमचे प्रोजेक्ट नेमके याच विषयांवर असतात!

मोठ्यांनाही चटका बसलाय

ही चूक फक्त पोरंसोरं करतात असं समजू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्या कामातून काही जुन्या निकालांचे दाखले सादर झाले. त्यातले सहा खटले जगात कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. गंमत म्हणजे त्या वकिलांनी शंका येऊन ‘हा खटला खरा आहे ना?’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्याने ‘हो’ म्हटलं होतं. चोरालाच चावी सांभाळायला द्यावी, तशी गत. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. दंड चॅटजीपीटीला नाही, वकिलांना झाला.

आपल्याकडेही झालंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कंपनीचं प्राप्तिकराचं प्रकरण आलं. कर ठरवताना ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता, ते निकालच अस्तित्वात नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एआयच्या जमान्यात समोर आलेलं उत्तर डोळे झाकून वापरू नका, आधी तपासा, असं बजावलं. शिकलेले, अनुभवी, अधिकाराच्या खुर्चीत बसलेले लोक जिथे फसतात, तिथे रात्री दोन वाजता उद्याच्या सबमिशनची घाई असलेला विद्यार्थी फसणार नाही, हे कशावरून?

‘पण आमच्याकडे दुसरं आहे काय?’

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ‘हे सगळं ठीक आहे हो, पण आमचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या मुलासमोर सायन्स, कॉमर्स किंवा इंजिनीअरिंगला अचानक इंग्रजी पुस्तकं येऊन पडतात. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नसतं. खासगी क्लासची फी परवडत नाही. वर्गात हात वर करून ‘सर, समजलं नाही’ म्हणायची लाज वाटते. मोठ्या शहरातल्या मुलाला मोठी बहीण, शेजारचा इंजिनीअर, महागडा क्लास असे चार आधार असतात. मालेगावच्या मुलाला रात्री अकरा वाजता, न चिडता, दहाव्यांदा तोच मुद्दा मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगणारं कुणीतरी पहिल्यांदाच मिळालंय. ही मोठी गोष्ट आहे. ती कुणी हिसकावून घेऊ नये.

पण म्हणूनच नीट बघा, की तुम्ही त्याच्याकडून काय घेताय. ‘थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम मला माझ्या भाषेत, घरातलं उदाहरण देऊन समजाव’ हे एक. ‘थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमावर पाच पानी असाइनमेंट लिहून दे’ हे दुसरं. पहिल्यात तुमच्या डोक्यात काहीतरी पडतं. दुसऱ्यात फक्त फाइल तयार होते. ज्याच्याकडे चार आधार आहेत, त्याचं एक वेळ निभावून जाईल. तुमची खरी पुंजी म्हणजे तुमचं शिकणं, आणि तेच बाहेर काढायला दिलं तर नुकसान तुमचंच जास्त. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतात, ‘हे तुम्ही लिहिलंय ना, मग या आकृतीत काय होतंय सांगा.’ नाशिक-पुण्याला मुलाखतीला गेलात, तर समोरचा माणूस फोन बाजूला ठेवायला सांगतो. तिथे तुमची पाच पानं उपयोगाला येत नाहीत.

मग वापरायचं कसं? काही साध्या गोष्टी सांगतो. आधी स्वतः लिहा, वेडंवाकडं का होईना. मग एआयला विचारा, ‘यात कच्चं कुठे राहिलंय?’ त्याला उत्तर मागण्याऐवजी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगा: ‘या धड्यावर माझी तोंडी परीक्षा घे, उत्तर चुकलं तर लगेच सांगू नको, आधी इशारा दे.’ इंग्रजीत लिहिलेला परिच्छेद दुरुस्त करून घेतलात, तर चूक काय होती आणि का होती, तेही विचारा. नाहीतर पुढच्या वेळी तीच चूक होणार. आणि आकडा, तारीख, कायद्याचं कलम, पुस्तकाचं नाव, कुणाचं विधान, या पाच गोष्टी एआयकडून आल्या असतील, तर दुसऱ्या ठिकाणी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका.

एक जुलै २०१८ विसरू नका

असाइनमेंट चुकली तर मार्क जातात. पण याच सवयीची किंमत किती मोठी असू शकते, हे आपल्या भागाने पाहिलेलं आहे. तेव्हा एआय नव्हतं. होतं ते फक्त व्हॉट्सॲप.

२०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ खूप गाजला. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसत होतं. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ चित्रफितीत ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचे ते काही सेकंद कापून टाकले. बस, तेवढंच केलं.

१ जुलै २०१८. रविवार. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ठेचून मारलं. पाचही जण गेले. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही असाच जमाव जमला. बाहेरगावाहून आलेल्या एका कुटुंबातल्या पाच जणांना लोकांनी घेरलं. त्यात एक लहानगं मूलही होतं. पोलीस जमावाच्या मध्ये उभे राहिले, म्हणून ती माणसं जिवंत राहिली. राईनपाडा आणि मालेगाव यांच्यात त्या दिवशी फरक होता तो एवढाच.

राईनपाड्याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. पण ज्यांच्या बोटांनी तो मेसेज गावोगाव पोहोचवला, ती माणसं कोण होती? आपल्यासारखीच. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणी कॉलेजचा विद्यार्थी. ‘काळजी म्हणून पाठवलं’ असंच त्यातला प्रत्येक जण म्हणाला असता, आणि ते खरंही असतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण ती यंत्राने घातलेली मर्यादा. तुमच्या बोटावरची मर्यादा तुम्हालाच घालायची आहे.

आता हा हिशेब मांडा. २०१८ मध्ये अफवा पसरवायला कुणाला तरी खरा व्हिडिओ शोधावा लागला, कापावा लागला. आज तसं काही शोधावं लागत नाही. ‘अमुक चौकात अमुक समाजाच्या लोकांनी असं असं केलं’ हे लिहिलं, की हवा तसा व्हिडिओ काही मिनिटांत तयार होतो. नगरसेवकाचा आवाज, मौलानांचा आवाज, महाराजांचा आवाज, पोलीस अधिकाऱ्याचा आवाज, कुणाचाही आवाज बनवता येतो. आणि आपलं गाव असं आहे, की मोसम नदीच्या अलीकडे-पलीकडे लोक एकमेकांकडे जरा जपूनच बघतात. या गावाने खूप सोसलंय. इथे एक खोटी क्लिप म्हणजे नुसती गंमत नसते. दुकानांची शटर खाली येतात, माग बंद पडतात, रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरात चूल पेटत नाही.

म्हणून क्लिप बघून रक्त उसळलं, तर तीच थांबायची खूण समजा. राग आणण्यासाठीच ती बनवलेली असू शकते. ठिकाण कुठलं? तारीख कुठली? हीच बातमी एखाद्या वर्तमानपत्रात, पोलिसांच्या अधिकृत खात्यावर आहे का? व्हिडिओ थांबवून त्यातली पाटी वाचा, गाडीची नंबरप्लेट बघा, हाताची बोटं आणि ओठांची हालचाल बघा. खरं-खोटं कळलंच नाही, तर पाठवू नका. न पाठवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि घरात सगळ्यात आधी हे तुम्हालाच समजणार आहे. आई-अम्मी, आजोबा-दादाजान यांच्या फोनवर आलेलं त्यांना खरंच वाटतं. त्यांना हसू नका. शेजारी बसून दाखवा.

मैत्रिणीचा फोटो ही तुमची मालमत्ता नाही

दुसरी गोष्ट आम्ही मुद्दाम स्पष्ट शब्दांत लिहितोय, कारण कॉलेजांमध्ये ती कुजबुजीतच राहते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा एक व्हिडिओ फिरला. शरीर दुसऱ्याच मुलीचं, चेहरा रश्मिकाचा. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातून एकाला पकडलं. तो कुणी मोठा गुन्हेगार नव्हता. चोवीस वर्षांचा इंजिनीअर होता, तिच्या नावाने फॅन पेज चालवत होता आणि फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने हे केलं, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच महिन्यात सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरली; त्याला स्वतः पुढे येऊन ‘हा मी नाही’ असं सांगावं लागलं.

सचिन सांगू शकतो, रश्मिका सांगू शकते; देश ऐकतो. एफवायच्या मुलीचं कोण ऐकणार? आपल्यासारख्या गावात एखाद्या मुलीचा खोटा फोटो फिरला, तर तो खोटा आहे हे सिद्ध व्हायच्या आत तिचं कॉलेज बंद होतं. घरचे म्हणतात, ‘बास झालं शिक्षण.’ ज्या मुलीने कॉलेजला येण्यासाठी घरात दोन वर्षं भांडण केलेलं असतं, तिचं सगळं ‘ग्रुपवर जरा मजा’ करण्यात संपतं. ही मजा नाही, हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी मध्ये संगणकाच्या मदतीने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अश्लील मजकूर प्रसारित केला, तर कलम ६७ आणि ६७ ए मध्ये तीन ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते दहा लाखांपर्यंत दंड. मुलगी अठराच्या आतली असेल, तर कलम ६७ बी आणि पॉक्सो. बनवणाराच नाही, पुढे पाठवणाराही यात सापडतो. अफवा पसरवून समाजात तेढ लावली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ वेगळं.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याबाबत असं काही घडलं, तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा: दोष तुमचा नाही. स्क्रीनशॉट काढा, लिंक जपून ठेवा, काही डिलीट करू नका. विश्वासातल्या मॅडमना, घरातल्या एका माणसाला सांगा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० वर लगेच फोन करा. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा आहे. तिच्यावर फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्या फोनमध्येच त्या फोटोचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो आपल्या मंचावर अडवतात. अठराच्या आतल्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे.

आणखी एक. ट्रेंड आला म्हणून कार्टूनसारखा, नाहीतर जुन्या सिनेमातल्या साडीतला फोटो बनवताना वर्गातल्या दहा जणांचा ग्रुप फोटो आपण सहज चढवतो. त्या दहातल्या नऊ जणांना विचारलं का? आधार कार्ड, मार्कशीट, बँकेचं पासबुक, कुणाच्या आजाराचे रिपोर्ट हे एआयच्या खिडकीत टाकू नका. तिथे टाकलेलं कुठे साठतं आणि पुढे कशाला वापरलं जातं, यावर तुमचा ताबा राहत नाही.

‘मालेगाव के शोले’ची शिकवण

आता कुणी म्हणेल, मग एआयने काही बनवायचंच नाही का? बनवा ना! बनवायची परंपरा या गावाइतकी कुणाकडे आहे?

नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला, तेव्हा ना पैसा होता, ना स्टुडिओ. साधा व्हिडिओ कॅमेरा, ट्रॉलीऐवजी सायकल आणि बैलगाडी, नट म्हणजे गावातलीच कामगार मंडळी. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी त्यांनी हिरव्या पडद्यासमोर माणूस उडवला. मागावर काम करणारा शफीक शेख सुपरमॅन झाला. फैझा अहमद खान यांचा माहितीपट त्यावर निघाला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मुळे ही कथा थिएटरांत पोहोचली.

तीही नक्कलच होती. मग ती आणि डीपफेक यांत फरक काय? नासिर शेख यांनी कधी म्हटलं नाही, की हा खरा शोले आहे. नावातच ‘मालेगाव’ होतं. बघणाऱ्याला ठाऊक होतं, आपण काय बघतोय. त्यात काम करणाऱ्यालाही ठाऊक होतं, आपण काय करतोय. कुणाला फसवलं नाही, कुणाची अब्रू घेतली नाही. एआयने शॉर्टफिल्म करा, पोस्टर करा, अहिराणी गाण्याला व्हिडिओ करा. फक्त वर लिहा: ‘एआयने बनवलं’. आणि ज्याचा चेहरा किंवा आवाज घेतलाय, त्याला आधी विचारा. असाइनमेंटलाही हेच लागू. शेवटी दोन ओळी लिहायला काय जातं? ‘या कामात भाषा सुधारण्यासाठी एआय वापरलं, माहिती मी अमुक पुस्तकातून तपासली.’ हे लिहायची लाज वाटत असेल, तर समजा की वापर कुठेतरी चुकतोय.

कॉलेजांनाही दोन शब्द

सगळं ओझं विद्यार्थ्यांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखायचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने शिक्षा. पण तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच. आज एक सर म्हणतात ‘वापरा’, दुसऱ्या मॅडम म्हणतात ‘दिसलं तर शून्य’. मुलांनी वागायचं कसं? प्रत्येक कॉलेजने एका पानाचा नियम विद्यार्थ्यांना सोबत घेऊन लिहावा आणि नोटीस बोर्डावर लावावा: कुठे चालेल, कुठे चालणार नाही, कसं जाहीर करायचं.

एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वासही नको. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असं एक साधन काढलं होतं आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. तेव्हा केवळ टक्के बघून विद्यार्थ्याला चोर ठरवू नका. समोर बसवून पाच मिनिटं बोला, सगळं कळतं. आणि असाइनमेंटच अशी द्या, की विद्यार्थ्याला घराबाहेर पडावं लागेल. ‘भारतातील वस्त्रोद्योग’ यावर यंत्र क्षणात निबंध देईल. पण ‘तुमच्या गल्लीतल्या एका मागवाल्याचा आठवड्याचा जमाखर्च मांडा’ म्हटलं, तर त्या कारखान्यात जाऊन बसावंच लागतं.

दोस्तांनो, या आठवड्यात एक करून बघा. एआयने दिलेल्या एका उत्तराचा धागा न् धागा तपासा: प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा. किती टिकले, किती तुटले, ते वहीत लिहा आणि ती वही वर्गात दाखवा. मग फोनवर पुढचा मेसेज आला, की तो पाठवायच्या आधी तुमचा अंगठा आपोआप थबकेल. यंत्राचा वेग आता कमी होणार नाही. नजर ठेवायचं काम तुमचं आहे.